मधल्या दाराची कडी

२ डिसेंबर, सोमवार

ही डायरी रसिकाच्या कंपनीची. दिवाळीला सूनबाईंनी चिवड्याच्या डब्यासोबत दिली. छापलेल्या तारखा पुढच्या वर्षाच्या आहेत, त्या खोडून मी माझ्या घालते आहे. कुकटपल्लीला मुलाच्या घरात मराठी वाचणारं कुणी उरलेलं नाही. राहुल एकेक अक्षर जुळवत वाचतो आणि नातीला, ईशाला, शाळेत तेलुगू आहे. तेव्हा मनातलं ठेवायला याहून पक्की जागा मला मिळायची नाही.

लिहावंसं वाटलं ते झेंड्यामुळे. मधुकरराव गेल्यावर एवढ्या घरात मी एकटी काय करू, म्हणून पुढचा भाग भाड्याने दिला, आणि भाडेकरू मिळाला तो चक्क एक देश. त्यांना बंजारा हिल्स परवडेना, म्हणून त्यांचं कॉन्सुलेट आमच्या मलकपेठेत, रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत. देशाचं नाव लिहीत नाही. तालेनने सांगून ठेवलंय, "आंटी, नाम किसीके सामने नक्को लेव." डायरी म्हणजे कुणी माणूस नव्हे, पण शब्द दिला तो दिला. मी जन्मभर भूगोल शिकवला. या देशाची राजधानी आणि मुख्य पिकं मुलांकडून घोकून घेतली. तोच देश एक दिवस माझ्या दिवाणखान्यात टेबल टाकून बसेल, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

तालेन त्यांचा इथला कॉन्सल. आमच्या उस्मानियात शिकलेला, म्हणून बोलतो हैदराबाद्यासारखा. गेल्या महिन्यात त्याच्या देशात लष्कराने सत्ता बळकावली. दिल्लीतल्या त्यांच्या वकिलातीने आठवड्याच्या आत झेंडा बदलला. तालेनने बदलला नाही. दिल्लीहून हुकूम आला तशी त्याची माणसं निघून गेली, आणि आता हा एकटा आत कोंडून घेऊन बसला आहे. बाहेर पाऊल टाकलं की दिल्लीवाले कुलूप बदलतील. मग शिक्का त्यांचा, झेंडा त्यांचा.

आज सकाळी पोलीस गाडी आली. माझ्याच घरासमोर बंदोबस्त, आणि मला मात्र मागच्या गल्लीतून भाजीला जावं लागलं.

६ डिसेंबर, शुक्रवार

माझं स्वयंपाकघर आणि त्यांची जेवणाची खोली यांच्यामध्ये एक दार आहे. घर दोन केलं तेव्हा ते बुजवायचं राहून गेलं. दोन्ही बाजूंनी कड्या आहेत. माझ्या बाजूने पिठाचा डबा लावलेला असतो, त्यामुळे दार आहे हे पाहुण्याच्या लक्षातही येत नाही.

आता रोज मी डबा सरकवते, तीन टिचक्या मारते, तो त्याची कडी काढतो आणि मी ताट देते. काल पिठलं-भात होता. "नक्को आंटी, बहुत हो गया," म्हणत दोनदा घेतला. ताट धुऊन परत देतो. राहुलने आयुष्यात कधी धुतलं नाही.

आज म्हणाला, "आंटी, इस दरवाजे का किसीकू बोलना नक्को. सामने से वो आ नै सकते, पोलिस गेट तोडती नै. बस ये एकीच है."

मी म्हटलं, "मैं क्यों बोलूं बेटा?"

संध्याकाळी त्याने त्याच्या बाजूने तीन टिचक्या मारल्या. चहा मागायला. सहा वर्षांत या घरात माझ्यासाठी कुणी दार वाजवलं नव्हतं. इस्त्रीवाला आणि गॅसवाला सोडून म्हणते मी. डोळ्यांत पाणी आलं. म्हातारपणी माणूस फार स्वस्तात रडतं.

१४ डिसेंबर, शनिवार

सरकारी साहेब आले होते. तरुण, नम्र, बूट बाहेर काढून आले. म्हणाले, "मॅडम, आम्ही आत पाय ठेवणार नाही. ती जागा त्यांची. आम्ही बाहेरून बंदोबस्त देऊ, आतलं त्यांचं त्यांनी मिटवावं."

"घर माझं आहे हो."

"घर तुमचंच. आत राज्य त्यांचं."

"त्यांचं म्हणजे कुणाचं? याचं की दिल्लीवाल्यांचं?"

साहेब हसले आणि पाणी प्यायले. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायची त्यांना परवानगी नसावी. तालेनला सांगितलं तर तोही हसला. "आपकी सरकार उनकू हौ बी नै बोली, मेरेकू नै बी नै बोली. मैं उसीच बीच में रहतूं आंटी."

२२ डिसेंबर, रविवार

आज कळलं हा माणूस कशासाठी अडून बसलाय. दुपारी एक मुलगी मागच्या दाराशी आली. नाव नेमा, इथे फार्मसी शिकते. सडपातळ, ओढणी सारखी सावरणारी. लष्कराच्या विरोधात तिने मोर्चात घोषणा दिल्या होत्या आणि त्याचा व्हिडिओ फिरला. आता तिच्या पासपोर्टची मुदत संपत आलेली. दिल्लीला नूतनीकरणाला पाठवला की ते ठेवून घेतात आणि परतीचं तिकीट हातावर ठेवतात. तिच्या वर्गातला एक मुलगा असा गेला, त्याचा पत्ता नाही. तालेनचा शिक्का मात्र इथल्या कचेऱ्या अजून मानतात. तो जोवर त्या खुर्चीत आहे तोवर या मुलांना इथे राहता येतं.

समोरच्या गेटवर दिल्लीवाल्यांचा माणूस फोटो काढत उभा असतो, म्हणून तालेनने तिला माझ्याकडे धाडलं. मी पासपोर्ट ताटाखाली धरून आत दिला आणि वरणभातासोबत शिक्का मारून परत आणला. नेमाने वाकून नमस्कार केला. तो कुणी शिकवला तिला कोण जाणे.

मुलं अशी शेकड्यांनी आहेत म्हणे शहरात. तालेनची स्वतःची बायको तिकडेच, माहेरी लपून. तिच्याविषयी तो बोलत नाही आणि मीही विचारत नाही.

राहुलला फोनवर थोडंसं सांगितलं. "आई, प्लीज. यू आर नॉट द यूएन. त्यांचं पॉलिटिक्स त्यांना करू दे. तू इकडे शिफ्ट हो ना." इकडे म्हणजे चौदाव्या मजल्यावरच्या ईशाच्या खोलीत, तिच्या गिटारशेजारी. मी बघू म्हटलं.

२८ डिसेंबर, शनिवार

दिल्लीच्या वकिलातीतले फर्स्ट सेक्रेटरी आले होते, ओरिक. मी तोंड वाकडं करूनच दार उघडलं. पण माणूस सभ्य निघाला. मोअज्जम जाही मार्केटातून फ्रूट बिस्किटं आणली होती. मधुकररावांच्या फोटोला हात जोडले. तोही उस्मानियाचा, तेच दखनी. तालेन आणि तो एका गावचे, इथे हॉस्टेलात एका खोलीत राहिले.

"एक थाली में खाये आंटी हम दोनों. आज मेरा फोन नै उठाता." बिस्किटांचा पुडा माझ्यापुढे सरकवत म्हणाला, "उसकू बीपी है, मालूम आपकू? गोली कौन देता? खाना कैसा जाता अंदर?"

इतक्या काळजीने विचारलं की मी सांगून टाकलं, खाण्याची काळजी करू नका, स्वयंपाकघरातून जातं. दाराचं असं काही बोलले नाही. त्याने स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, किती नीट ठेवलंय आपण.

त्याने माझ्या हातचा चहा घेतला आणि कप मोरीत नेऊन ठेवला. आई-बापांनी वळण लावलेलं असलं की दिसतं.

५ जानेवारी, रविवार

रेसचा दिवस. गल्लीत गाड्यांची गर्दी, माझ्याकडे कुणी नाही. तालेनला ताप आहे, जेवला नाही. ताट परत आलं ते मीच खाल्लं, दोघांचं.

९ जानेवारी, गुरुवार

ओरिक परत आला. माझ्या आवडीच्या संत्र्याच्या गोळ्या आणल्या होत्या, बोलता बोलता मी मागे म्हटलं असणार. म्हणाला, "मैं लडने कू नै आया आंटी. एक बार सामने बैठा तो वो समझेगा. भाई है मेरा."

मला एकदम शाळा आठवली. वर्गात पोरं भांडली की मी मुद्दाम संक्रांतीपर्यंत थांबायची. मग दोघांना समोर उभं करून एकमेकांना तिळगूळ द्यायला लावायची. कितीही पेटलेली असोत, "गोड गोड बोला" म्हणताना हसू फुटायचंच. भांड्याला भांडं लागतंच, त्याला काय. आमच्या घरातही मधुकरराव आणि नामदेवभावजी नळदुर्गच्या जमिनीवरून कोर्टात गेले होते. एकमेकांच्या दारात पाऊल टाकत नव्हते. संक्रांतीला मी हलव्याची वाटी घेऊन भावजींना घरात आणून उभं केलं. दोघे रडले आणि खटला मागे घेतला. वकील म्हणून मधुकररावांना त्याचं थोडं वाईटच वाटलं असावं.

ओरिकला हे सांगितलं. तो फार लक्ष देऊन ऐकत होता. म्हणाला, मलाही ते वाक्य शिकवा. 'ळ' त्याला जमेना, मी तीन-चारदा म्हणून घेतलं. शेवटी चांगला म्हणाला.

११ जानेवारी, शनिवार

तालेनला सहज म्हणून विचारलं, ओरिक कसा आहे रे? ताट घेताना त्याचा हात थांबला.

"एक थाली में खाये आंटी. इसीच वास्ते उसकू मालूम मैं कब उठतूं, कब सोतूं, किसकू दरवाजा खोलतूं."

म्हणजे त्याच्याही मनात तेच आहे. इतकी आठवण माणूस परक्याची ठेवत नाही. दोघांना समोरासमोर आणायचा बेत मी त्याला सांगितला नाही. आधी सांगितलं की मुलं अडून बसतात, असा माझा अनुभव.

खरं लिहायचं तर आणखीही एक आहे. हे असंच चाललं तर एक दिवस तालेन खंगून जाईल, नाहीतर निघून जाईल. मग डबा दाराला लावून मी परत एकटी. दोघांचं जमलं तर तो राहील, झेंड्याखाली नाहीतर झेंड्याविना. मला झेंड्याचं काय. मला टिचक्या हव्यात.

१३ जानेवारी, भोगी

अर्धं शहर पेद्द पंडुगला, म्हणजे त्यांच्या संक्रांतीच्या मोठ्या सणाला, आंध्रात गेलं. मलकपेठेत इतकी शांतता की शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता याव्यात. गेटवरचे चार पोलीस होते त्यांतला एकच उरला, तोही पतंग बघत बसतो.

तिळाच्या वड्या केल्या, मोठा डबा भरून. राहुलचा फोन आला. ईशाचा क्लास आहे, उद्या जमत नाही, रविवारी बघू. "आई, तू स्विगीने पाठव ना."

डबा भरलेला आणि द्यायला माणसं दोन. पण ती दोन तरी आहेत.

१४ जानेवारी, संक्रांत, सकाळी

काळी चंद्रकळा नेसले आहे. मधुकरराव गेल्यावर पहिल्यांदाच. हलव्याची वाटी, वड्यांची ताटली तयार आहे. ओरिक दहाला मागच्या गल्लीने येतो म्हणाला, समोर पोलीस आणि फोटो नकोत. त्याचंही बरोबर आहे, घरगुती गोष्ट आहे ही. तालेनला काही माहीत नाही. त्याचा चेहरा बघायचा आहे मला.

१५ जानेवारी

तिळगूळ दिला.

१८ जानेवारी, शनिवार

लिहून काढते, नाहीतर डोक्यातून जाणार नाही.

ओरिक दहाला आला. पांढरा सदरा, हसरा. मागे दोन माणसं फळांच्या टोपल्या घेऊन. मी डबा सरकवला, माझी कडी काढली आणि तीन टिचक्या मारल्या. ओरिक माझ्या खांद्याशी उभा होता. तालेनने दार उघडलं. घरातली लुंगी, हातात दाढीचा ब्रश. ओरिकला पाहून तो हललाच नाही. ओरिकने माझ्या ताटलीतली वडी उचलली, पुढे झाला आणि स्पष्ट मराठीत म्हणाला, "तिळगूळ घ्या, गोड गोड बोला." आणि त्याला मिठी मारली.

मिठी लांबली. मला भरून आलं. मी डोळे पुसत होते तेवढ्यात ती दोन माणसं टोपल्या खाली ठेवून माझ्या बाजूने आत गेली. मला वाटलं, त्यांनाही वड्या द्यायला हव्यात. मी ताटली पुढे केली. तेव्हा आतून समोरच्या गेटची साखळी उघडल्याचा आवाज आला, आणि ओरिकने मिठी सोडली.

कुणी आवाज चढवला नाही, हे मी विसरूच शकत नाही. सगळे गोडच बोलले. ओरिक म्हणाला, "थक गया तू. अब आराम कर." कागद दाखवले, शिक्का मागितला. तालेनने टेबलाकडे बोट दाखवलं. एकाने झेंडा उतरवून त्याची नीट घडी केली. तालेन चप्पल घालून माझ्या बाजूला आला तेव्हा ओरिकने दार हलक्या हाताने लावून घेतलं. "शुक्रिया आंटी," म्हणाला. मग त्या बाजूची कडी वाजली.

मी धावत समोर गेले. पोलीस म्हणाला, "उनके लोगां उनके ऑफिस में गये अम्मा. कंप्लेंट कौन देता?"

परत आले तर तालेन स्वयंपाकघरात उभ्यानेच फोन करत होता. एकेका मुलाला सांगत होता, आता समोर जाऊ नका, कितीही गोड बोलले तरी. शब्द त्यांच्या भाषेतले, पण मला सगळे कळत होते. मी म्हटलं, "बेटा, मुझे कुछ तो बोल. चिल्ला."

"गुस्सा नै आता आंटी. आप सबकेच वास्ते दरवाजा खोलते. मेरे वास्ते बी खोले थे."

त्याने ओरडायला हवं होतं. ते मला सोसलं असतं.

चहा प्यायला. मी मागच्या खोलीत राहा म्हटलं, मधुकररावांचा पलंग आहे. तो नको म्हणाला, भिंतीपलीकडेच तर ते आहेत. कुठे जाणार विचारलं. "आपकू नै मालूम रहा तो अच्छा. कोई पूछा तो आप झूठ नै बोल सकते." मधुकररावांची जुनी पँट आणि स्वेटर दिला. पँट आखूड होत होती. वडी खा म्हटलं तर रुमालात बांधली, "रस्ते में खातूं." मागच्या गल्लीत ऑटो मिळाली. त्याने एकदा मागे पाहिलं, दाराकडे, माझ्याकडे नाही.

त्यानंतर त्याचा फोन बंद आहे. रोज लावून बघते.

राहुलला सांगितलं. म्हणाला, "चला, सुटलीस एकदाची. आता नीट लोक आलेत, अ‍ॅग्रीमेंट रिन्यू करून घे."

२६ जानेवारी, रविवार

गल्लीत शाळेची मुलं तिरंगा घेऊन गेली. आमच्या घरावर दुसऱ्याच देशाचा नवा झेंडा आहे, नवा कोरा, घडीच्या रेघा अजून गेलेल्या नाहीत.

नेमा आली होती, अंधार्‍या बोळातून, तोंड झाकून. शिक्का बदलला हे इथल्या कचेऱ्यांना कळवलंय म्हणे, त्यामुळे तिच्या पासपोर्टवरचा तालेनचा शिक्का आता चालत नाही. "देने गई तो रख लेते आंटी. नै गई तो मैं बिना कागद की." कॉलेजने महिन्याची मुदत दिली आहे. पुढचं तिला माहीत नाही, आणि मला तर नाहीच. तिला वाटतं, कुणीतरी दिल्लीवाल्यांना आतून मदत केली. कोण असेल, असं तिने मला विचारलं.

मी सांगितलं. खोटं बोलता येत नाही ना मला.

ती उठली. चहा अर्धा ठेवला. दारातून परत वळली आणि म्हणाली, "आप खाना तो अच्छा देते थे उनकू." एवढंच. मग गेली. ती परत येईल असं वाटत नाही.

४ फेब्रुवारी, रथसप्तमी

तिळगूळ द्यायचा आज शेवटचा दिवस. डबा निम्म्याहून जास्त भरलेला आहे. राहुलचे रविवार तीन गेले, ईशाचे क्लास संपत नाहीत. वड्या कडक झाल्या.

आज चार वाजता मी भाजी निवडत होते. मधल्या दारावर तीन टिचक्या वाजल्या.

मी उठले. खरं सांगते, पाय आपोआप उठले. मेथीची जुडी मांडीवरून सांडली. क्षणभर वाटलं, आलाच. डब्यावर हात ठेवला, सरकवायला.

"आंटी," पलीकडून आवाज आला. ओरिक. "चाय मिलती क्या? बहुत अकेला लगता इधर." मग हसून म्हणाला, "तिळगूळ घ्या, गोड गोड बोला."

'ळ' अगदी स्वच्छ होता. मीच घोटून घेतला होता. टिचक्याही माझ्याच, माझ्या खांद्याशी उभा राहून शिकलेल्या.

सगळी वर्षं मला हेच हवं होतं, की कुणीतरी दार वाजवावं आणि चहा मागावा. माझी कडी घातलेली होती तरी मी परत चाचपून पाहिली. मग दाराला तोंड लावून म्हटलं,

"नक्को."

त्याने आणखी एकदा वाजवलं, मग पावलं गेली. मी मेथी गोळा केली, निवडली, एकटीपुरती भाजी टाकली. पुढे दिवसभर कुणी दार वाजवलं नाही.